तालमीची दोन वर्षे, प्रयोगांची दोन वर्षे: टॉम हॉलंडची सुरुवात

प्रश्न: लंडनच्या वायव्य भागात राहणाऱ्या एका मराठी आईने विचारले आहे की, त्यांचा मुलगा दहा वर्षांचा आहे, हिप-हॉपच्या वर्गाला जातो आणि मंडळाच्या गणेशोत्सवात हौसेने नाचतो. टॉम हॉलंडही असाच एका नृत्यवर्गातून निवडला गेला असे त्यांनी वाचले आहे. ते नेमके कसे घडले, त्यात नशिबाचा वाटा किती, आणि मुलाला नेहमीच्या शाळेतून काढून पूर्ण वेळच्या नाट्यशाळेत घालावे का?

उत्तर:

आपण 'निवडला गेला' असे लिहिले आहे, आणि या अभिनेत्याविषयीच्या बहुतेक लेखांतही हीच कथा असते. नाचणारा एक लहान मुलगा, प्रेक्षकांत बसलेली एक पारखी नजर आणि पुढच्याच परिच्छेदात 'स्पायडरमॅन'. या कथेत खोटे काहीच नाही, फक्त मधली नऊ वर्षे गाळलेली आहेत. ती नऊ वर्षे नीट पाहिली की आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांतच मिळतात, असा माझा अनुभव आहे.

माझ्याविषयी एवढेच सांगते की मी पुण्यात बालनाट्यांत कामे करत वाढले, गेली बावीस वर्षे लंडनमध्ये मुलांना अभिनय शिकवते, आणि त्यांतली बरीच वर्षे परवानाधारक शॅपरोन म्हणून, म्हणजे व्यावसायिक नाटकात किंवा चित्रीकरणात काम करणाऱ्या मुलांची विंगेत आणि ग्रीनरूममध्ये जबाबदारी घेणारी व्यक्ती म्हणून, काम केले आहे. हॉलंड ज्या नाटकात होता त्या नाटकात मी कधी नव्हते आणि त्याला मी ओळखत नाही. पण तो ज्या व्यवस्थेतून गेला तिच्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत.

टॉम हॉलंडचा जन्म १ जून १९९६ चा, लंडनच्या नैर्ऋत्येला टेम्सकाठी असलेल्या किंग्स्टनचा. चार भावांत तो थोरला. त्याच्या पाठीवर जुळे भाऊ आणि मग धाकटा. आई छायाचित्रकार आणि वडील, डॉमिनिक हॉलंड, एकट्याने रंगमंचावर उभे राहून लोकांना हसवणारे व्यावसायिक विनोदकार. १९९३ साली एडिंबरोच्या महोत्सवात त्यांना सर्वोत्तम नवोदिताचे पेरिए पारितोषिक मिळाले होते. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते, कारण 'साध्या नृत्यवर्गातला मुलगा' हे वर्णन थोडे फसवे आहे. रात्री कामावर जाऊन अनोळखी लोकांसमोर उभे राहणे हा ज्या घरात वडिलांचा पोटापाण्याचा उद्योग असतो, त्या घरातल्या मुलाला रंगमंचाचे बाळकडू मिळालेले असते. प्रयोग पडला तर काय होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कसे जायचे असते, हे त्याने जेवणाच्या टेबलावर ऐकलेले असते. सातव्या वर्षी त्याला डिस्लेक्सिया असल्याचे निदान झाले, ही दुसरी बाजू. वाचन-लेखनात अडखळणारी पुष्कळ मुले माझ्याकडे येतात, आणि संहिता कानाने व हालचालीने पाठ करायची सवय लागली की त्यांतली काही जण इतरांच्या पुढे जातात, हे मी पाहिले आहे.

विंबल्डनमधल्या एका नृत्यशाळेत तो हिप-हॉप शिकत होता. २००६ साली रिचमंडच्या नृत्यमहोत्सवात त्या वर्गाने नाच सादर केला, आणि तेथे लिन पेज या नृत्यदिग्दर्शिकेच्या नजरेत तो भरला. पेज या पीटर डार्लिंग यांच्या सहकारी, आणि डार्लिंग हे 'बिली इलियट' या संगीतनाटकाचे नृत्यदिग्दर्शक. आता यातली मेख लक्षात घ्या. त्या सायंकाळी पेज काही सुटी म्हणून नाच पाहायला आलेल्या एखाद्या रसिक पाहुण्या नव्हत्या. ज्या नाटकाला सतत नवनवी मुले लागतात, किंबहुना दर थोड्या महिन्यांनी जुनी मुले वयाने बाद होतात म्हणून जे नाटक सतत मुलांच्या शोधात असते, त्या नाटकाशी त्या बांधलेल्या होत्या. म्हणजे नशीब होते ते एवढेच, की योग्य वयाचा मुलगा योग्य वर्षी योग्य शहरात होता. लंडनमध्ये २००६ साली त्या नाटकाचे एकही स्थान रिकामे होणार नसते, तर त्याच नाचाचे कौतुक होऊन तो घरी गेला असता.

आणि त्याला निवडले म्हणजे लगेच भूमिका दिली, असेही झाले नाही. आठ चाचण्या आणि दोन वर्षांचे प्रशिक्षण यांनंतर २८ जून २००८ रोजी, बारा वर्षे नुकतीच पूर्ण झालेली असताना, व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरमध्ये तो पहिल्यांदा उभा राहिला, आणि तोही बिली म्हणून नव्हे तर बिलीचा मित्र मायकल म्हणून. मुख्य भूमिकेत तो आला त्याच वर्षी ८ सप्टेंबरला. त्या दोन वर्षांत त्याला हिप-हॉपचा उपयोग थोडाच झाला असणार, कारण त्या नाटकाला हवे असते ते बॅले, टॅप (बुटांच्या तळाच्या पत्र्याने ताल धरणारे नृत्य) आणि कसरत. बॅलेसाठी पायाचे चवडे, घोटे आणि कंबर वेगळ्याच रीतीने वळवावी लागतात. हिप-हॉपमध्ये शरीराचा भार खाली सोडायचा असतो, बॅलेत तोच भार वर ओढून धरायचा असतो. एका मुलाच्या अंगात ही उलटापालट बसवायला दोन वर्षे म्हणजे काही फार नाहीत. मुलांच्या शाळेत बॅले शिकणाऱ्या मुलाची टिंगल होते तशी त्याचीही झाली, असे त्याने स्वतः मुलाखतींत सांगितले आहे. नाटकातल्या बिलीवर जे गुदरते तेच थोड्याफार फरकाने त्याच्यावरही गुदरत होते.

ज्यांनी हे नाटक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम परगण्यातल्या खाणकामगारांच्या वस्तीत, १९८४-८५ च्या मोठ्या संपाच्या काळात, मुष्टियुद्ध शिकायला पाठवलेला एक मुलगा बॅलेच्या वर्गात जाऊन बसतो, ही त्याची गोष्ट. २००० साली चित्रपट आला, २००५ साली त्याचे संगीतनाटक झाले. संगीत एल्टन जॉन यांचे, संहिता आणि गीते ली हॉल यांची, दिग्दर्शन स्टीव्हन डाल्ड्री यांचे. लंडनमध्ये ते २०१६ पर्यंत चालले. बिलीची भूमिका करणाऱ्या मुलाला जवळजवळ तीन तासांच्या प्रयोगात क्वचितच विंगेत जायला मिळते. पहिल्या अंकाच्या शेवटी त्याला पोलिसांच्या ढालींच्या भिंतीवर अंग आपटत संतापाचे नृत्य करायचे असते. दुसऱ्या अंकात 'स्वान लेक' या प्रसिद्ध बॅलेच्या संगीतावर मोठ्या वयाच्या बिलीबरोबर नाचताना तारेवर हवेत तरंगायचे असते, आणि नंतर, पाय थकलेले असताना, रॉयल बॅले स्कूलच्या परीक्षकांपुढे 'नाचताना तुला काय वाटते' या प्रश्नाचे उत्तर आधी गाऊन आणि मग नाचून द्यायचे असते. शिवाय हे सारे डरहॅमच्या बोलीत, जी किंग्स्टनच्या मुलाला आपल्याकडे पुण्याच्या मुलाला मालवणी जितकी परकी तितकीच परकी. बाराव्या वर्षी तारेला लटकून, श्वास न चुकवता, चेहरा प्रेक्षकांकडे ठेवायला शिकलेला मुलगा पुढे स्पायडरमॅनच्या, म्हणजे कोळ्याच्या, पोशाखात सहज वावरला याचे मला तरी आश्चर्य वाटले नाही.

आता या सगळ्यातला जो भाग लेखांत येत नाही, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, त्याकडे येते. वेस्ट एंडमधले, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या वस्तीतले, संगीतनाटक आठवड्याला आठ प्रयोग करते. मोठी माणसे आठही करतात. मुलाला ते करू दिले जात नाहीत. म्हणून एकाच वेळी तीन-चार बिली असतात आणि ते आळीपाळीने उभे राहतात. चार मुलांत आठ प्रयोग वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन. २००६ साली या नाटकाला संगीतनाटकातील सर्वोत्तम अभिनेत्याचे ऑलिव्हिए, म्हणजे लंडनच्या रंगभूमीचे सर्वांत मानाचे, पारितोषिक मिळाले तेव्हा ते जेम्स लोमास, जॉर्ज मॅग्वायर आणि लियम मोअर या तिघा मुलांना मिळून देण्यात आले. भूमिका एका मुलाची नसतेच, ती एका चमूची असते. आपल्या बाळाचे नाव पाटीवर एकट्याचे असावे असे वाटणाऱ्या पालकांना हे पचायला जड जाते, पण मुलाला त्याचा फार मोठा फायदा होतो: तीच जागा, तेच वाक्य, तोच सूर दुसरा मुलगा कसा घेतो हे तो दर आठवड्याला बघतो.

यामागे कायदा आहे. १९६३ चा मुलांविषयीचा कायदा आणि १९६८ ची नियमावली यांखाली हॉलंडच्या वेळी परवाने दिले जात. इंग्लंडपुरती आज २०१४ ची नियमावली लागू आहे. शालेय वयाच्या मुलाला व्यावसायिक प्रयोगात उभे करायचे तर तो जिथे राहतो तिथल्या कौन्सिलकडून, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडून, परवाना घ्यावा लागतो, शाळेची संमती पाहिली जाते, आणि मुलासोबत आई-वडील किंवा कौन्सिलने मान्यता दिलेली शॅपरोन असावी लागते. एका शॅपरोनकडे बारापेक्षा जास्त मुले देता येत नाहीत, आणि प्रत्यक्षात आम्ही त्याहून कितीतरी कमी घेतो. आजच्या नियमांनुसार नऊ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दिवसात साडेनऊ तासांपेक्षा जास्त वेळ कामाच्या जागी ठेवता येत नाही, त्यांतले प्रत्यक्ष प्रयोगाचे वा तालमीचे तास पाचांवर जाता कामा नयेत, आणि सलग सहा दिवसांनंतर सुटी द्यावीच लागते. कामामुळे शाळा बुडत असेल तर दिवसाला सरासरी तीन तास शिकवण्याची सोय निर्मात्याने करायची असते. ऐकायला हे रुक्ष वाटते. पण या रुक्ष तासांच्या हिशेबामुळेच मूल दोन वर्षे टिकते. आमच्या पुण्याच्या बालनाट्यांत मे महिन्यात दिवसाला तीन-तीन प्रयोग करून आम्ही ताप काढत असू आणि त्याचे आम्हांला कौतुकच वाटे.

ही व्यवस्था जवळून कशी दिसते ते एका प्रसंगावरून सांगते. काही वर्षांपूर्वी एका संगीतनाटकात त्या दिवशीची मुख्य भूमिका असलेला मुलगा, प्रयोगाआधीच्या गळ्याच्या सरावात वरच्या सुरावर गेला आणि त्याचा आवाज मध्येच चिरकला. एकदा झाले, दुसऱ्यांदा झाले. संगीत सांभाळणाऱ्या बाईंनी पियानोवरून हात उचलला, माझ्याकडे नुसते पाहिले, आणि 'छान, आता पाणी पी' एवढेच त्याला म्हणाल्या. नाट्यगृहात राखीव म्हणून बसलेला दुसरा मुलगा काही न बोलता खाली वाकून टॅपच्या बुटांच्या नाड्या बांधू लागला. पहिल्याने आपला मायक्रोफोन स्वतःच काढून दिला, मार्गिकेत माझ्या शेजारी बसून अर्धे केळे खाल्ले आणि अपूर्णांकांची गणिते पुढे ओढली. दहा मिनिटांनी, वर न पाहता, त्याने विचारले, "आता मी संपलो का?" त्याला तेरावे लागून चार महिने झाले होते. त्याला कंठ फुटला होता, इतकेच; पण त्या नाटकापुरता तो खरोखरच संपला होता, आणि त्याला ते आमच्या आधी कळले होते.

हॉलंडचा बिली म्हणून शेवटचा प्रयोग २९ मे २०१० रोजी झाला. तीन दिवसांनी तो चौदा वर्षांचा झाला. बाल कलावंताच्या कारकिर्दीतली खरी अवघड जागा ही असते. ज्या कामासाठी दोन वर्षे शरीर घडवले ते काम शरीर वाढले म्हणूनच हातचे जाते. बहुसंख्य मुले येथे शाळेत परततात आणि त्यात वाईट काहीच नाही.

त्याच्या बाबतीत मात्र त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, शेवटच्या प्रयोगाला तीन महिने होतात न होतात तोच, स्पेनमधल्या अलिकांतेच्या स्टुडिओत हुआन आंतोनिओ बायोना यांच्या 'द इम्पॉसिबल' या चित्रपटाचे काम सुरू झाले आणि पुढे थायलंडमध्ये चालू राहिले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत सापडलेल्या एका कुटुंबाची ही गोष्ट. मूळ कुटुंब स्पॅनिश, चित्रपटात ते ब्रिटिश केले आहे. नेओमी वॉट्स आई, यूअन मॅग्रेगर वडील आणि तीन भावांतला थोरला ल्यूकस म्हणजे हॉलंड. मोठ्या पडद्यावरचे त्याचे हे पहिलेच काम, आणि चित्रपटाचा निम्म्याहून अधिक भार त्याच्या खांद्यांवर आहे.

आपण मुलासोबत हा चित्रपट पाहणार असाल (थोडा मोठा झाल्यावर पाहा, जखमा फार खऱ्या वाटतात) तर एका जागी थांबा. लाट ओसरल्यावर आई आणि मुलगा चिखलातून चालत आहेत, आई पुढे आणि मुलगा मागे, आणि त्याला तिच्या पायाची फाटलेली जखम आणि उघडी पडलेली छाती दिसते. तो मान फिरवतो. तुला असे मला बघवत नाही, अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटतो आणि तिला मागे ठेवून स्वतः पुढे होतो. रडणे नाही, किंकाळी नाही. चौदा वर्षांचा मुलगा आईच्या जखमेपेक्षा तिच्या उघडेपणाने जास्त कासावीस होतो, हे त्याने केवळ खांदे आखडून आणि मान वळवून दाखवले आहे. हे नृत्याचे शिक्षण आहे. हजारभर लोकांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पाठीने बोलायची सवय असलेल्या मुलाला कॅमेऱ्यासमोर ती सवय निम्म्याहून निम्मी करायला सांगितली, तर उरते ते असे असते. पुढे इस्पितळात आई त्याला पाठवते, जा, लोकांना मदत कर. आणि तो आप्तांची नावे विचारत, हाका मारत खाटांमधून धावत सुटतो, एका बापाला त्याचा मुलगा मिळवून देतो, आनंदाने परततो तर आईची खाट रिकामी. त्या धावण्यात आणि थांबण्यात जो ताल आहे तो कुणी चित्रीकरणाच्या जागी शिकवलेला नाही.

चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूने त्याला त्या वर्षीचा लक्षवेधी नवोदित अभिनेता ठरवले, लंडनच्या समीक्षकांनी तरुण ब्रिटिश कलावंत म्हणून गौरवले, आणि स्पेनच्या गोया पारितोषिकांत नवोदित अभिनेत्याच्या विभागात त्याचे नामांकन झाले. वडिलांनी, मुलाने आपल्याला कसे झाकोळून टाकले यावर, २०१३ साली एक विनोदी पुस्तकच लिहून टाकले. खरे सांगायचे तर, घरातल्या मोठ्यांना हे हसण्यावारी नेता आले हीच त्या मुलाची मोठी कमाई.

आणि तरीही पुढची तीन वर्षे पाहा. केविन मॅक्डॉनल्ड यांच्या 'हाउ आय लिव्ह नाउ' मध्ये, २०१३ साली, सर्शा रोनन आणि जॉर्ज मॅके यांच्या मागे तो धाकट्या भावाच्या भूमिकेत आहे. त्याच वर्षीच्या 'लॉक' मध्ये तर तो दिसतही नाही. टॉम हार्डी रात्रभर गाडी चालवतो आणि फोनवर बोलतो, त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मुलाचा आवाज हॉलंडचा; फोन करणारी नटमंडळी एका हॉटेलात बसून खरोखरच त्या क्षणी हार्डीशी बोलत होती. आवाजाचे काम त्याने त्याआधीही केले होते, जपानच्या घिब्ली स्टुडिओच्या 'अ‍ॅरिएटी' या अ‍ॅनिमेशनपटाच्या ब्रिटिश आवृत्तीत. २०१५ च्या सुरुवातीला बीबीसीच्या सहा भागांच्या 'वुल्फ हॉल' मध्ये तो आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा मुलगा ग्रेगरी झाला. वाक्ये मोजकीच, पण समोर क्रॉमवेलच्या भूमिकेत मार्क रायलन्स. रायलन्स यांच्यासारखा, जवळजवळ काहीच न करता सारे करणारा नट रोज हाताच्या अंतरावरून पाहायला मिळणे ही शिष्यवृत्ती समजावी. या नामावळीत मुख्य भूमिका एकही नाही. ज्याला एकदा वाहवा मिळाली त्याला दुय्यम कामे घेऊ देणे यासाठी पालकांकडे आणि एजंटकडे धीर लागतो, आणि तो मी फार कमी जणांकडे पाहिला आहे.

याच काळातल्या दोन गोष्टींची नोंद करते. एक म्हणजे तो क्रॉयडनच्या ब्रिट स्कूलमध्ये शिकला. १९९१ साली सुरू झालेली ही नाट्य-कलाशिक्षणाची शाळा सरकारी खर्चाने चालते, फी नाही, आणि चौदाव्या वर्षापासून प्रवेश आहे. दुसरी म्हणजे, कामे मिळेनाशी झाली तेव्हा आईने त्याला कार्डिफला सुतारकाम शिकायला पाठवले. तो ही गोष्ट मुलाखतींत आवडीने सांगतो आणि लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. नटाच्या आयुष्यात कामापेक्षा कामाची वाट पाहण्याचे दिवस जास्त असतात, आणि त्या दिवसांत हाताला रंधा असणे मनाला फार बरे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे म्हणून भरभर सांगते. रॉन हॉवर्ड यांच्या 'इन द हार्ट ऑफ द सी' मध्ये तो देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या जहाजावरचा पोऱ्या होता. दरम्यान स्पायडरमॅनसाठी त्याने घरून एकामागून एक चाचणीचे व्हिडिओ पाठवले, महिनोन्महिने चाललेल्या फेऱ्या पार केल्या, आणि शेवटच्या टप्प्यांत आधी रॉबर्ट डाउनी ज्युनिअर व मग ख्रिस इव्हान्स यांच्यासमोर उभा राहिला. चाचणीत त्याने कोलांटउडी मारून दाखवल्याचे त्यानेच सांगितले आहे. २३ जून २०१५ रोजी त्याचे नाव जाहीर झाले. वय एकोणीस वर्षे आणि तीन आठवडे. २०१६ मध्ये 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' आला, २०१७ च्या फेब्रुवारीत प्रेक्षकांच्या मतांवर दिले जाणारे बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट अकादमीचे उगवत्या ताऱ्याचे पारितोषिक मिळाले, आणि त्याच उन्हाळ्यात 'स्पायडरमॅन: होमकमिंग'. रिचमंडच्या महोत्सवापासून त्याचे नाव जाहीर होईपर्यंत मोजलीत तर ही नऊ वर्षे.

नशिबाविषयी विचारलेत. त्याच नाटकात, त्याच तालमीतून, आणखीही मुले गेली. ऑलिव्हिए मिळालेल्या तिघांतला लियम मोअर मॅथ्यू बोर्न यांच्या नृत्यसंस्थेत नर्तक म्हणून नावाजला गेला. लेटन विल्यम्स संगीतनाटकांत आणि टीव्हीवर रमला. डीन-चार्ल्स चॅपमन हाही आधी मायकल आणि मग बिली झाला होता. त्याला आपण 'गेम ऑफ थ्रोन्स' मध्ये बालराजा म्हणून आणि '१९१७' या युद्धपटात सैनिक म्हणून पाहिले असेल. बाकीच्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, आणि त्यांतले कित्येक जण आज आनंदाने दुसरेच काही करत असणार. तेव्हा हॉलंडला कोळ्याचा पोशाख मिळाला हे नशीब. पण ज्या कुणाला तो मिळाला असता त्याला तो पेलता येईल इतकी तयारी त्या मुलांपैकी अनेकांची होती, आणि ती तयारी नशिबाची नव्हती.

आता शाळेचा प्रश्न. दहाव्या वर्षी शाळा सोडवू नका. हॉलंडने बिली केला तेव्हा तो नेहमीच्या शाळेत जात होता. पूर्ण वेळ नाट्यशिक्षण देणाऱ्या शाळेत तो गेला तो नंतर, आणि वयाच्या अठराव्या वर्षांनंतर नट जी तीन वर्षांची नाट्यअकादमी करतात ती त्याने केलीच नाही. इटालिया कॉन्टी किंवा सिल्व्हिया यंग यांसारख्या जुन्या खाजगी संस्थांतून उत्तम कलावंत निघाले आहेत हे खरे, पण त्यांची फी भरण्याआधी मुलाला आठवड्याला दोन तास बॅलेचा आणि एक तास टॅपचा वर्ग वर्षभर लावून पाहा. हिप-हॉप चालू राहू द्या. गाण्याचा वर्ग लावायचा असेल तर कंठ फुटण्याच्या काळात गळा विश्रांतीला ठेवणारा शिक्षक शोधा. जो तेव्हाही जोर लावून गाऊन घेतो त्याच्याकडे पाठवू नका. नावनोंदणीच्या नावाखाली आधीच पैसे मागणारा एजंट भेटला तर दारातूनच परत या. चांगला एजंट मुलाला काम मिळाल्यावर त्यातून आपला वाटा घेतो. आणि एखादी चाचणी पार पडलीच, तर करारावर सही करण्याआधी आपल्या कौन्सिलच्या बाल-परवाना विभागाशी बोला. अर्जाला साधारण तीन आठवडे लागतात असे धरून चाला. दिवाळीच्या कार्यक्रमात नाचायला सहसा काही लागत नाही, पण तिकीट लावलेल्या प्रयोगात उभे राहायचे तर नियम वेगळे पडतात, हे आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही कळवून ठेवलेले बरे.

आपण विचारले नाही, पण नाट्यगृहाकडे तो परतला का, याचे उत्तर देऊन थांबते. २०२४ च्या मे महिन्यात, बिलीचा शेवटचा प्रयोग केल्याला चौदा वर्षे होत असताना, तो सेंट मार्टिन्स लेनवरच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये जेमी लॉइड यांच्या दिग्दर्शनाखाली रोमिओ म्हणून उभा राहिला. ज्युलिएट होती फ्रान्चेस्का अमेवुडा-रिव्हर्स. ना उड्या, ना तारा. रंगमंच जवळजवळ उघडा, नट मायक्रोफोनशी कुजबुजत बोलणारे, आणि एक कॅमेरा त्यांच्या मागोमाग नाट्यगृहाच्या कानाकोपऱ्यांत फिरून चेहरे मोठ्या पडद्यावर दाखवणारा. माझ्या पुढच्या रांगेत दोन शाळकरी मुली बसल्या होत्या, बहुधा कोळ्यासाठी आलेल्या. कॅमेरा त्याच्यामागे छतावर गेला आणि रंगमंच रिकामा राहिला, तेव्हा त्यांतली एक पडद्याकडे न पाहता, तो जिथून बाहेर गेला त्या विंगेकडेच पाहत राहिली.